पाच फुटी फळी आणि पंधरा मिनिटे : हार्वर्ड ग्रंथमालेच्या दैनिक वाचनक्रमाचे परीक्षण

चार्ल्स विल्यम एलियट हे १८६९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि चाळीस वर्षांनी, १९०९ मध्ये, त्या पदावरून निवृत्त झाले. या प्रदीर्घ कारकिर्दीचे सार सांगावयाचे तर ठरावीक अभ्यासक्रमाची सत्ता त्यांनी मोडून काढली. ग्रीक व लॅटिन ग्रंथ सर्वांनी एकाच क्रमाने पढले पाहिजेत हा जुना दंडक जाऊन, विद्यार्थ्याने आपले विषय आपणच निवडावेत, ही पद्धती त्यांच्या अमदानीत रूढ झाली. हाच गृहस्थ पदावरून उतरताच पन्नास खंडांची एक निश्चित ग्रंथमाला सिद्ध करतो आणि ती सबंध राष्ट्रापुढे ठेवतो, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु महाविद्यालयातील विद्यार्थ्याला निवडीचे स्वातंत्र्य द्यावयाचे, आणि ज्याला महाविद्यालयाची पायरी चढता आली नाही त्याला निवडीचे साहित्य पुरवावयाचे, या दोन गोष्टींत एलियट यांच्या मते विसंगती नव्हती. पाच फूट लांबीच्या फळीवर मावतील एवढे ग्रंथ निष्ठेने वाचणाऱ्याला, त्याच्यापाशी रोजची पंधराच मिनिटे असली तरी, उदार शिक्षणाचा गाभा हस्तगत होईल, हे त्यांचे प्रतिपादन होते. उदार शिक्षण म्हणजे येथे अमुक एका धंद्याची तयारी नव्हे, तर माणसाच्या मनाला त्याच्या जन्मजात कोंडीतून मोकळे करणारे शिक्षण.

न्यूयॉर्कच्या पी. एफ. कॉलिअर अँड सन या प्रकाशनसंस्थेने ही ग्रंथमाला १९०९–१० मध्ये प्रसिद्ध केली. हार्वर्डमधील इंग्रजीचे प्राध्यापक विल्यम ॲलन नील्सन हे एलियट यांचे सहसंपादक होते. पुढे १९१४ मध्ये व्याख्यानांचा एक खंड जोडला जाऊन संख्या एक्कावन झाली. ग्रंथमालेविषयी आजवर जी चर्चा झाली ती बहुधा समावेश आणि वगळणूक यांभोवती फिरत राहिली. 'ओडिसी' आहे पण 'इलियड' नाही. प्लेटो आहे पण ॲरिस्टॉटल नाही. 'डॉन किहोते'चा पहिलाच भाग आहे. ॲडम स्मिथ संक्षेपाने आला आहे. हे आक्षेप खरे आहेत, परंतु कोणत्याही निवडीवर घेता येण्यासारखे आहेत, म्हणून त्यांतून फारसे निष्पन्न होत नाही. एलियट मूळचे रसायनशास्त्रज्ञ असल्यामुळे डार्विन, फॅरडे, हार्वे, लिस्टर आणि पाश्चर यांना त्यांनी होमर आणि दान्ते यांच्या पंक्तीला बसविले, ही गोष्ट मात्र त्या काळाच्या मानाने धीट होती.

अधिक महत्त्वाचा प्रश्न निवडीचा नसून रीतीचा आहे. अभिजात ग्रंथ रोज थोडा थोडा वाचून माणूस सुशिक्षित होतो काय? आणि होत असेल तर ते 'थोडे थोडे' कोणत्या प्रकारचे असावे लागते? हा प्रश्न केवळ अमेरिकेतील नव्हे. दिवसभर पोटाचा उद्योग करून संध्याकाळी ग्रंथालयाची पायरी चढणाऱ्या प्रत्येक वाचकाचा तो प्रश्न आहे. त्याला जर 'नाही' असे उत्तर द्यावयाचे असेल, तर विद्यापीठाबाहेरच्या माणसाला शिक्षणाचा दरवाजा बंद आहे, असे कबूल करावे लागेल. असे कबूल करण्यापूर्वी पुराव्याची नीट तपासणी झालेली बरी.

तपासणी करू लागताच असे दिसते की, 'पंधरा मिनिटे' या एकाच शब्दप्रयोगाखाली दोन भिन्न गोष्टी नांदत आहेत. एक एलियट यांची स्वतःची आहे. पन्नासाव्या खंडातील आपल्या प्रस्तावनेत त्यांनी वाचनाला काही अटी घातल्या आहेत. वाचन निष्ठेने आणि विचारपूर्वक व्हावे, ज्याच्या त्याच्या रुचीप्रमाणे पुनर्वाचन व पाठांतर व्हावे, आणि मग पंधरा मिनिटेही पुरतील, असा तो सशर्त दावा आहे. दुसरी गोष्ट प्रकाशकाची. ग्रंथमालेबरोबर एक पातळशी मार्गदर्शिका देण्यात येई. तीत वर्षातील प्रत्येक तारखेला एक उतारा नेमून दिलेला असे : अमुक खंड, अमुक पृष्ठापासून अमुक पृष्ठापर्यंत. उतारा शक्य तेथे त्या तारखेच्या निमित्ताला धरून निवडलेला असे. कोणाचा जन्मदिन, कोणाची पुण्यतिथी, एखाद्या लढाईचा दिवस. वाचकाने कॅलेंडर पाहावे, खंड काढावा, पृष्ठे वाचावीत आणि खंड पुन्हा फळीवर ठेवावा.

या दोन योजनांतील अंतर साध्या हिशेबानेही दिसून येते. ग्रंथमालेची पृष्ठसंख्या एलियट यांच्याच सांगण्याप्रमाणे सुमारे २२,००० आहे. पंधरा मिनिटांत सहा पृष्ठे हा गंभीर ग्रंथाच्या बाबतीत बरा वेग मानला, तर ग्रंथमाला एकवार वाचून होण्यास दहा वर्षे लागतात, आणि पुनर्वाचन धरले तर त्याहून बरीच अधिक. एलियट यांचे गणित हे असे आयुष्याच्या मापाचे आहे. मार्गदर्शिकेचे गणित एका वर्षाचे. त्याच वेगाने ३६५ उताऱ्यांत २,१९० पृष्ठे, म्हणजे ग्रंथमालेचा जेमतेम दशांश वाचून होतो. पुढच्या वर्षी पुन्हा तीच तारीख, पुन्हा तोच उतारा. उरलेले नऊ दशांश फळीची शोभा वाढवितात. हे फर्निचर असल्याची थट्टा पुष्कळांनी केली आहे. परंतु थट्टेचा रोख बहुधा विकत घेणाऱ्यावर असतो, आणि दोष त्याचा नाही.

मार्गदर्शिकेतील पहिलाच उतारा, १ जानेवारीचा, या दृष्टीने फार बोलका आहे. तो बेंजामिन फ्रँकलिनच्या आत्मचरित्रातील असून नववर्षाचा उपदेश म्हणून दिलेला आहे. नैतिक पूर्णता साधण्यासाठी फ्रँकलिनने तेरा सद्गुणांची यादी केली, एका वहीत त्यांचे रकाने आखले, आठवड्याला एक याप्रमाणे तेरा आठवड्यांचे एक आवर्तन आणि वर्षात चार आवर्तने असा क्रम बांधला. तो हा भाग. दिवसाचे तुकडे पाडून सुधारणा करता येते, अशी श्रद्धा बाळगणाऱ्या योजनेला याहून अनुकूल मंगलाचरण मिळाले नसते. मात्र, वेळेची शिस्त म्हणजेच 'व्यवस्था' हा सद्गुण आपल्याला कधीच नीट साधला नाही, असे फ्रँकलिन याच प्रकरणात हसत हसत कबूल करतो.

खरी मौज अशी की, त्याच आत्मचरित्रात थोडी मागची पाने उलटली असता रोजच्या वाचनाने शिक्षण कसे होते याचे अस्सल उदाहरण सापडते. छापखान्यात उमेदवारी करणाऱ्या फ्रँकलिनच्या हाती 'स्पेक्टेटर'चा एक सुटा खंड पडला. त्यातील निबंध वाचून तो प्रत्येक वाक्याच्या आशयाची त्रोटक टिपणे काढी. काही दिवस मध्ये जाऊ देऊन त्या टिपणांवरून निबंध आपल्या शब्दांत पुन्हा उभा करी. मग मूळ निबंधाशी ताडून चुका सुधारी. शब्दसंग्रह तोकडा पडतो असे दिसल्यावर त्याने गद्याचे पद्य केले आणि कालांतराने पद्याचे पुन्हा गद्य. कधी टिपणे मुद्दाम विस्कटून टाकी आणि काही आठवड्यांनी ती पुन्हा क्रमाला लावी, हेतू हा की विचारांची मांडणी कशी होते ते कळावे. या कामाला त्याच्यापाशी वेळ तरी किती होता? कामावर जाण्यापूर्वीची सकाळ, कामानंतरची रात्र आणि रविवार. पुढे फिलाडेल्फियात त्याने 'जंटो' मंडळ काढले. दर शुक्रवारी सभासद जमत आणि आळीपाळीने मांडलेल्या प्रश्नांवर वाद करीत. १७३१ मध्ये वर्गणीचे ग्रंथालय निघाले आणि त्याच्या आधारे रोज तास दोन तास अभ्यासाला देता आले, अशी नोंद तो करतो.

यात रोजचा नेम आहे आणि वेळेची काटकसरही आहे. परंतु वाचलेले मोडून पुन्हा जोडणे आहे, मूळ ग्रंथाशी आपले पडताळून पाहणे आहे, आणि आठवड्यातून एकदा चार माणसांसमोर आपले म्हणणे तपासून घेणेही आहे. मार्गदर्शिकेने फ्रँकलिनमधून सद्गुणांचा तक्ता उचलला आणि शिक्षणाची ही हकीकत नववर्षाच्या वाचकापासून दूर ठेवली. निवडणाऱ्याच्या मनातील शिक्षणाची कल्पना यावरून उघड होते. वाचकाने काही करावयाचे नसून काही घ्यावयाचे आहे, अशी ती कल्पना आहे.

येथे एक भेद केला पाहिजे. तुकड्यातुकड्याने वाचणे सर्वच ग्रंथांना घातक नसते. बेकनचे निबंध, एपिक्टेटसची वचने, प्लिनीची पत्रे, पास्कालचे चिंतन, इसापच्या गोष्टी यांची घडणच सुट्या मण्यांची आहे. मार्कस ऑरेलिअसने तर आपली टिपणे स्वतःच्या मनाच्या शिस्तीसाठी वेळोवेळी लिहिली. ती तशीच वाचली तर काही बिघडत नाही, उलट एका बैठकीत संपविली तर कंटाळा येण्याचा संभव. परंतु डार्विनचे तसे नाही. आपला सबंध ग्रंथ हा एक प्रदीर्घ युक्तिवाद आहे, असे त्याने अखेरच्या प्रकरणाच्या आरंभीच बजाविले आहे. पाळीव कबुतरांपासून निघालेला तो युक्तिवाद जीवनकलह, निसर्गनिवड आणि मग सिद्धांतावरील अडचणी या क्रमाने जातो, तेव्हाच तो युक्तिवाद राहतो. कबुतरांचे एक पान मनोरंजक आहे, एवढेच. सोफोक्लिसच्या 'ईडिपस'विषयी अधिक सांगावयास नको. जे नाटक प्रेक्षकांनी एका बैठकीत पाहावयाचे, त्याचा एक प्रवेश तारखेच्या निमित्ताने वाचणे म्हणजे गाण्यातील एक तान ऐकणे.

सर्वांत बोधप्रद उदाहरण दुसऱ्या खंडातील प्लेटोचे आहे. 'अपॉलॉजी', 'क्रायटो' आणि 'फीडो' हे तीन संवाद जोएटच्या भाषांतरात तेथे सलग दिलेले आहेत. 'फीडो'मधून एखादे वेचे काढावयाचे झाले तर निवडणाऱ्याचा हात हटकून शेवटच्या पृष्ठांकडे जातो : विषाचा पेला, मित्रांचे अश्रू, ॲस्क्लेपिअसला द्यावयाच्या कोंबड्याची आठवण. हा प्रसंग हृदयद्रावक आहे यात शंका नाही. परंतु तेवढाच वाचणाऱ्याला सॉक्रेटिस हा एक शांतपणे मरणारा सत्पुरुष वाटेल आणि पुस्तक मिटेल. संवादाचा गाभा त्याच्या कितीतरी आधी आहे. आत्म्याच्या अमरत्वाची प्रमाणे देऊन झाली आहेत, ऐकणाऱ्यांना ती पटली आहेत, आणि एवढ्यात सिमिअस व सीबीज हे दोघे शंका काढतात. वीणेची सुरावट वीणा मोडल्यावर उरत नाही, मग शरीर मोडल्यावर आत्मा का उरावा? विणकराने आयुष्यात पुष्कळ वस्त्रे झिजविली, म्हणून तो अखेरच्या वस्त्राच्या आधी मरत नाही काय? हे ऐकून सारी मंडळी खचतात. आता कशावरच विश्वास ठेवता येणार नाही असे त्यांना वाटू लागते. इतके की, ही हकीकत फीडोच्या तोंडून ऐकणारा एकेक्रेटीसही मध्येच बोलतो, की आपलीही तीच गत झाली आहे.

या क्षणी सॉक्रेटिस काय करतो? तो पुढचे प्रमाण लगेच मांडत नाही. शेजारी बसलेल्या फीडोच्या केसांवरून हात फिरवतो आणि एका आपत्तीपासून सावध राहावयास सांगतो. ती आपत्ती म्हणजे युक्तिवादाचाच तिटकारा. ज्याने पारख न करता माणसांवर विश्वास टाकला आणि पुनःपुन्हा फसला तो अखेर सगळ्या माणसांचा द्वेष करू लागतो. तसेच ज्याने पारख न करता प्रमाणांवर विश्वास टाकला तो ती कोसळताच विचाराचाच द्वेष करतो. उदार शिक्षण म्हणून जे काही आहे त्याचे याहून नेमके वर्णन क्वचित सापडेल. परंतु त्या दोन पृष्ठांचे बळ त्यांच्या आधीच्या प्रमाणांत आणि नंतरच्या उत्तरांत आहे. आपण पटवून घेतलेले मत ढासळताना ज्याने अनुभवले नाही, त्याला सॉक्रेटिसचा इशारा सुभाषितासारखा वाटणार. पंधरा मिनिटांची बैठक येथे अडसर नाही. 'फीडो' पंधरा दिवसांत पंधरा बैठकींनी वाचता येईल आणि शंकेपाशी थांबलेली रात्र वाचकाच्या कामी येईल. मार्गदर्शिका अडसर होते ती अशी की, दुसऱ्या दिवशी ती त्याला भलत्याच खंडाकडे घेऊन जाते.

या ठिकाणी मराठी अभ्यासकाला आपल्याकडील नित्यवाचनाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही, आणि ती तुलना उपकारकही आहे. वारकरी संप्रदायात हरिपाठ रोज म्हटला जातो. तो छोटा आणि संपूर्ण आहे, आणि रोज तोच आहे. गुरुचरित्रासारखा मोठा ग्रंथ सप्ताहात वाचावयाचा तर अध्यायांची सात दिवसांत वाटणी होते. ज्ञानेश्वरीची पारायणेही क्रमानेच चालतात. चातुर्मासात एखादे पुराण लावले की पुराणिक ते आरंभापासून सांगत जातो. आजच्या तिथीला शोभेल असा अध्याय मधूनच काढीत नाही. म्हणजे आपल्या परंपरेने रोजच्या वाचनाच्या दोन रीती ओळखल्या : लहान ग्रंथाची आवृत्ती आणि मोठ्या ग्रंथाचा अनुक्रम. मार्गदर्शिकेत यांपैकी एकही नाही. एलियट यांची पुनर्वाचनाची आणि पाठांतराची अट मात्र या परंपरेच्या किती जवळ येते! त्यांना हरिपाठ ठाऊक असण्याचे कारण नव्हते. प्रार्थनाग्रंथ आणि बायबल रोज वाचणाऱ्या न्यू इंग्लंडच्या घरांतून ती अट आली असे मानणे अधिक सयुक्तिक होईल.

अर्थात नित्यपाठाचा गौरव करताना त्याचा दोषही झाकून ठेवण्याचे कारण नाही. पारायणात अर्थाकडे दुर्लक्ष होते, ओव्या संपविण्याचीच घाई असते, ही तक्रार जुनी आहे आणि खोटी नाही. नेम पुरा झाल्याचे समाधान ग्रंथ कळल्याच्या समाधानाची जागा सहज घेते. मार्गदर्शिकेच्या वाचकालाही हाच मोह असणार. फरक इतकाच की, पारायण करणाऱ्यापाशी निदान निरूपणकार असतो. शब्द उच्चारून झाल्यावर त्याचा अर्थ उकलणारे, शंका ऐकणारे कोणी तरी समोर बसलेले असते. श्रवणानंतर मनन यावे लागते, ही गोष्ट ज्ञानमार्गात गृहीतच धरलेली आहे. १९१४ चा व्याख्यानखंड हा नील्सन यांनी केलेला निरूपणाचा प्रयत्नच होता. इतिहास, काव्य, निसर्गविज्ञान, तत्त्वज्ञान अशा बारा क्षेत्रांवरील हार्वर्डच्या अध्यापकांची विवेचने त्यात आहेत आणि ती खंडाखंडांमधील नाते दाखवितात. पन्नासाव्या खंडातील विषयवार वाचनक्रम आणि सूचीही त्याच जातीची. उद्यमी वाचकाने तारखांची पुस्तिका बाजूला ठेवून हे दोन खंड हाताशी धरले असते, तर एलियट यांचा दावा कसोटीला उतरण्याची बरीच शक्यता होती.

१९५२ मध्ये शिकागोहून हचिन्स आणि ॲडलर यांच्या संपादनाखाली ब्रिटानिका संस्थेने पाश्चात्त्य महाग्रंथांचे चोपन्न खंड प्रसिद्ध केले. तेथे हा धडा अर्धाच घेतलेला दिसतो. दहा वर्षांचा वाचनक्रम आखून दिला, हे ठीक झाले. ग्रंथकार परस्परांशी संवाद करतात ही जाणीवही एलियट यांच्यापेक्षा तेथे अधिक स्पष्ट आहे. परंतु १०२ कल्पनांखाली सर्व ग्रंथांतील स्थळे लावून देणारी जी प्रचंड सूची तयार करण्यात आली, तिने तारखेऐवजी कल्पनेच्या सुरीने ग्रंथांचे तुकडे केले. 'न्याय' या शब्दाखाली प्लेटो, ॲक्वायनस आणि मिल यांची वाक्ये शेजारी शेजारी बसविल्याने त्यांचा वाद उभा राहत नाही. ड्वाइट मॅकडोनाल्ड यांनी त्याच वर्षी केलेली या उपक्रमाची कडक हजेरी प्रसिद्धच आहे. तिच्यातील उपहास वजा केला तरी पुष्कळ उरते.

हार्वर्ड ग्रंथमालेत भारताला मिळालेले स्थानही या रीतीच्या प्रश्नाशी जोडलेले आहे. हिंदुस्थान आणि चीन यांची भेट वाचकाला चव्वेचाळिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या खंडांत, 'पवित्र ग्रंथ' या सदराखाली होते. कालिदास नाही, शूद्रक नाही. पूर्वेला धर्म आहे आणि पश्चिमेला नाटक, विज्ञान व राजनीती आहे, असा जो ग्रह होतो तो १९१० मध्ये क्षम्य असेल, पण तो ग्रहच. मात्र पंचेचाळिसाव्या खंडात एडविन अर्नोल्डच्या १८८५ च्या भाषांतरातील भगवद्गीता अठराही अध्यायांसह आहे. त्या काळी एखाद्या अमेरिकन कारकुनाच्या फळीवर संपूर्ण गीता येऊन बसली, हा एलियट यांच्या धोरणाचा गुण मानला पाहिजे. उतारे न देता शक्य तेथे कृतीच द्यावी, हे ते धोरण होते.

ही गीता तारखेप्रमाणे उघडली तर काय मिळते आणि क्रमाने वाचली तर काय, याची परीक्षा मराठी वाचकाला सहज घेता येईल. एखाद्या पुण्यतिथीला दुसऱ्या अध्यायातील आत्म्याच्या अविनाशित्वाची पृष्ठे वाचली, तर एक उदात्त सांत्वन हाती येते. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी अर्जुनाला ते सांत्वन पुरलेले नसते. कर्माहून बुद्धी श्रेष्ठ मानतोस, तर या घोर कर्मात मला का लोटतोस, आणि असे संदिग्ध बोलून माझ्या बुद्धीला भ्रम का पाडतोस, असे तो विचारतो. पाचव्याच्या आरंभी संन्यास आणि योग यांपैकी एक काय ते निश्चित सांग, अशी त्याची मागणी आहे; सहाव्यात मनाच्या चंचलपणाचा आक्षेप आहे आणि मध्येच चळलेल्या साधकाचे काय, ही भीती आहे. ज्ञानदेवांनी या शंकांना आपल्या टीकेत भरपूर जागा दिली. अर्जुनाच्या तोंडी लाडिक तक्रार घातली, त्याचा रुसवा आणि आर्जव रंगविले, आणि श्रोत्याला प्रत्येक उत्तराआधी प्रश्नापाशी नेऊन बसविले. अर्नोल्डच्या पद्यात असा विस्तार नाही. पण प्रश्न आपापल्या जागी शाबूत आहेत, आणि दुसरा अध्याय संपवून पान उलटणाऱ्याला पहिला प्रश्न लगेच पुढच्या ओळीवर भेटतो.